सासूबाईंना ओढणारा ट्रक

सँडविक, मॅनिटोबा
१५ मे १९९४

चि. रूनास, थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

सगळ्यात आधी टपकला तो दातांचा डॉक्टर. त्याच्या मागून आपला क्रिस. रविवारची सकाळ, माझे दात अजून पेल्यात, आणि हा बाबा माझ्या अंगणात वाकून माझ्या बोटीला फीत लावतोय! मी दार उघडून तोंडाचं बोळकं पसरून छान हसले. तो दोन पावलं मागे सरकला. निदान त्याच्या धंद्यातल्या माणसानं तरी घाबरायला नको होतं.

क्रिसला म्हटलं, लेका, हे कोण पाहुणे? तर म्हणाला, आई, तू रागावू नकोस, हे फक्त बघायला आलेत. मी म्हटलं, मुलगी बघायला आल्यासारखे आलेत खरे, पण मुलीच्या आईला विचारलंय कुणी? तर मान खाली घालून बुटानं गवत उकरत बसला. शहरात एवढा मोठा साहेब आहे, पण चोरी पकडली की अजून तेच करतो.

आता त्याचंही अगदी चूक नाही बघ. माझा वाल्दी गेल्यावर शेजारचा वसील त्याच्या ट्रकमागे बोट बांधून दर वसंतात तळ्यावर पोचवायचा. वसीलचे गुडघे गेले, त्यानं ट्रक विकला नि तो लेकीकडे राहायला गेला. तेव्हापासून बोट आपल्या चाकांच्या गाड्यावर अंगणात बसून आहे. दोन उन्हाळे पाणी नाही. लाकूड सुकून फळ्यांच्या मधून माझी विणायची सुई आरपार जाते. तिसराही उन्हाळा कोरडा गेला तर मग ती बोट नाही, सरपण. क्रिस म्हणतो, तुझ्या त्या डबीएवढ्या गाडीमागे बांधलीस तर बोटच गाडीला तळ्यात ओढून नेईल. पंचवीस जूनपर्यंत पाण्यात गेली तर तुझी, नाहीतर त्या दिवशी डॉक्टर येऊन घेऊन जाणार. त्याच्याकडे ओढायला नवीकोरी चकचकीत गाडी आहे.

तुला आठवतंच आहे, वाल्दीनं बोटीला त्याच्या आईचं नाव दिलं, आस्ता. चाळीस वर्षं दर वसंतात मी सासूबाईंना खरवडते, घासते, रंग फासते आणि थंडी आली की तोंडावर ताडपत्री टाकते. जिवंतपणी त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या चमच्यालासुद्धा हात लावू दिला नाही. हे एवढं सुख मी त्या दातवाल्याला देऊ?

म्हणून मी ट्रक घेणार आहे. हसू नकोस. जुनाच घेणार, नव्याला हात कोण लावतं! पेट्रोल पंपावरच्या पोराचा एक बघून पण आले. दिसायला लाल, देखणा. मी फ्रिजवरचं माशाच्या आकाराचं लोहचुंबक पिशवीतून नेलं होतं, दाराला लावलं तर मासा टपकन खाली. पुन्हा लावला, पुन्हा खाली. आत लोखंड कुठंय, सगळी पुट्टी भरलेली! पोरगा म्हणाला, आजी, तुमचं चुंबक खराब झालंय. मी ते त्याच्या पट्ट्याच्या बक्कलला लावलं. चिकटून बसलं. मग तोही हसला.

आता होलार गावच्या लारुसची जाहिरात आली आहे. '७८ सालचा पिकअप, गवताच्या गाड्या ओढलेला, तब्येतीनं ठणठणीत म्हणे. तू घराण्याची वंशावळ सांभाळतेस म्हणून विचारते, हा लारुस आपल्यापैकी कुणाचा लागतो का? काकाचा, मामाचा, कुठूनही चालेल. नात्यातला निघाला तर खोटं बोलायला जरा तरी लाजेल. मी तीन हिवाळे शाळेत गेलेली बाई, मला ती तुझी झाडं-फांद्या काही कळत नाहीत.

तुझ्या सर्दीला जप. माया आहे तेवढी राहू दे, कमी करू नकोस.
तुझी,
लौगा


व्हिक्टोरिया
२२ मे १९९४

ती. लौगाताईस, रूनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. वाचून आधी हसले, मग घाबरले. ताई, तू एकाहत्तर वर्षांची आहेस. तुला स्टिअरिंगच्या वरून रस्ता तरी दिसणार आहे का? माझ्या डोळ्यांपुढे येतंय ते असं की सँडविकच्या रस्त्यावरून एक ट्रक आपोआप चाललाय आणि आत नुसती एक टोपी.

तू ऐकणार नाहीस हे चाळीस वर्षं वर्गात पोरं हाकलेल्या मास्तरणीला न कळण्याइतकं अवघड नाही. तेव्हा निदान एवढं कर. दारंबिरं बघत बसू नकोस, जमिनीवर झोपून ट्रकचा खालचा सांगाडा बघ. आपल्याकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, ते सगळं तिथे जाऊन बसतं. खालून नवा काळा रंग मारलेला दिसला तर समज की काहीतरी झाकलंय. आणि पैसे देण्याआधी त्याच ट्रकनं ओझं बांधून ओल्या उतारावरून वर चढवून दाखवायला सांग. सपाटीवर कुठलाही ट्रक शूर असतो.

आता लारुसचं. मी वंशावळीत तीन वाटांनी शोधलं. आपला त्याच्या घराण्याशी काडीचाही संबंध नाही. त्याच्या आजोबांनी आपल्या आजोबांकडून एकदा गाय घेतली होती, तेवढंच. गायीवरून नातं लागत नाही. हे मुद्दाम ठासून लिहिते, कारण मी तुला ओळखते. गुडनीच्या लग्नात तू नवऱ्यामुलाची आत्या म्हणून पहिल्या बाकावर जाऊन बसली होतीस, आणि खरी आत्या मागे उभी होती. तसलं काही तिथे करू नकोस. लारुसला आई-बापाकडचं जवळचं कुणी नाही, असंही मी ऐकून आहे. एकट्या माणसाशी थट्टा नको.

ममता आहे ती पातळ होऊ देऊ नये, ही पायांपाशी विनंती.
तुझी धाकटी,
रूना


सँडविक
३० मे १९९४

चि. रूनास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी आलं. मी बुधवारीच जाऊन आले. ह्यात माझा काय दोष, टपालवाल्याला विचार.

शेजारची मुलगी होलारला चालली होती, तिच्या गाडीतून गेले. लारुस म्हणजे उंच, वाळका, दाढीत तपकीर अडकलेला माणूस. नुसती मान हलवतो. त्याची बायको फ्रीदा मात्र गोल, हसरी, दारातच माझा कोट ओढून घेतला. ट्रकचं नाव काढायला मी तोंड उघडलं तर म्हणाली, आधी कॉफी. बरोबरच आहे म्हणा, तिसरा कप झाल्याशिवाय व्यवहाराचं बोललं तर माणसं काय म्हणतील. साखरेचा खडा दातात धरून पहिला कप झाला. दुसरा कप झाला. आणि मग आपल्यात जो प्रश्न विचारल्याशिवाय कुणाला राहवत नाही तोच फ्रीदानं विचारला, तुम्ही कुणाच्या हो?

रूना, देवाशपथ सांगते, मी खरं सांगणारच होते. पण खिडकीतून मला तो ट्रक दिसत होता. खालून काळाकुळकुळीत, कालच रंगवल्यासारखा, सूर्यप्रकाशात चमकत होता. तुझं पत्र नसलं तरी एवढं मला कळतं. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, मी थुरीदुरची नात.

कोण थुरीदुर, त्यांनी विचारलं. मलाही तोच प्रश्न पडला होता. म्हटलं, अगं बाई, लारुसच्या आजोबांची बहीण! आपले लोक जहाजातून ह्या देशात उतरल्यावर आलेल्या देवीच्या साथीत ताटातूट झाली ती. तिला दुसऱ्या घरानं वाढवलं, म्हणून तिचं नाव कुठे लागलं नाही. माझी आजी मरेपर्यंत म्हणत होती, होलारकडे माझा भाऊ गेला. ती भावाचं वर्णन कसं करायची तेही मी सांगितलं, उंच, वाळका, बोलायचा कमी. समोर बघूनच सांगत होते, अवघड काय त्यात!

फ्रीदाच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, ह्यांना बापाकडचं कुणीच नाही हो, आमच्या लग्नात ह्यांच्या बाजूचे बाक रिकामे होते. गेली आत, आणि साखर भरून गुंडाळलेल्या पातळ धिरड्यांची अख्खी थाळी घेऊन आली. आधी नुसती बिस्किटं ठेवली होती, हे लक्षात घे.

लारुसनं माझ्याकडे बघितलं. मग कप बशीत ठेवला नि म्हणाला, तो ट्रक तू घेऊ नकोस. मी म्हटलं, का रे बाबा? म्हणाला, सांगाडा गेलाय, मागच्या आठवड्यात मीच रंग मारला, बोट बांधलीस तर अर्धा ट्रक पुढे जाईल नि अर्धा बोटीपाशी राहील. शहरातलं कुणी येईल म्हणून उभा केला होता. घरच्या माणसाला कसा देऊ?

आणि मला घेऊन गेला गोठ्यामागच्या शेडमध्ये. रूना, तिथे ताडपत्रीखाली '७१ सालचा हिरवा ट्रक! पश्चिमेकडच्या कोरड्या मुलखातून आणलेला, मिठाचा कण न चाखलेला. मी जमिनीवर झोपून खालून बघितलं, चुंबक चार जागी लावलं, ह्या खेपेला मासा सोडेना. लारुस त्यानं स्वतःची बोट न्यायचा, हृदयाचं दुखणं झाल्यापासून बोट विकून टाकली. हा विकायचा नव्हताच. पण दिला. भाव असा लावला की मला घासाघीस करायला जागाच उरली नाही, हीच काय ती खंत.

गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशीच आहे, तसल्याच ट्रकवर मी तरुणपणी शिकले होते. दोन उशा घेतल्या की रस्ता दिसतो. टोपीही दिसते. लारुसनं मला घरापर्यंत मागून सोबत केली आणि अंगणात आस्ताला बघून तिच्या अंगावरून असा हात फिरवला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

आता बोटीच्या गाड्याचे टायर कुजलेत ते बदलायचे, दिव्यांच्या तारा जोडायच्या. लारुस म्हणाला, मी येतो, बहिणीची बोट आहे. पंचवीसच्या सकाळी पाण्यात.

तो बहीण म्हणाला तेव्हा मला जरा खुपलं, खोटं कशाला सांगू. मायेत अंतर देऊ नकोस.
तुझी,
लौगा


व्हिक्टोरिया
६ जून १९९४

ती. लौगाताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. एका एकट्या माणसाला तू खोटी आजी दिलीस! पुट्टी भरून रंग मारणाऱ्या पंपावरच्या पोरात आणि तुझ्यात फरक काय राहिला, सांग.

मी तीन संध्याकाळी वंशावळ उघडून बसले, कुठून तरी एक धागा मिळतो का बघायला. तुझी लाज वाचावी म्हणून. नाही मिळाला. लारुसच्या आजोबांना सख्खी बहीणच नव्हती, चारही भाऊ. म्हणजे तुझी थुरीदुर जन्मलेलीच नाही.

मला बोट नको आहे असं समजू नकोस. वाल्दीभावजींनी मला त्याच बोटीतून बेटावर नेलं होतं, माझा साखरपुडा मोडला त्या उन्हाळ्यात. परत येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, नुसतं मला सुकाणू धरू दिलं. ती बोट त्या डॉक्टरच्या दारात जाऊ नये असं मलाही वाटतं. पण अशा ट्रकनं ओढून नेलीस तर तुला तिच्यात बसवेल का?

बोट पाण्याला लागण्याआधी लारुसला खरं सांग. ट्रक परत मागितला तर दे. तू सांगितलं नाहीस तर मी लिहीन, माझ्याकडे पत्ता आहे.

रागावले आहे, तरी लोभ आहे तसाच आहे. तुझाही असू दे.
रूना


सँडविक
२६ जून १९९४

चि. रूनास आशीर्वाद, आणि कान धरून माफी. वि. वि.

काल सकाळी आधी आली ती फ्रीदा, हातात सात थरांचा विनारतेर्ता केक, प्रत्येक थर कागदासारखा. मागून लारुस. मला वाटलं होतं क्रिस नि डॉक्टर आधी येतील आणि सगळा खेळ आटोपेल. ते दुपारी येणार होते.

ट्रक मीच चालवला. उतारावर मागे घेताना मात्र नाकी नऊ आले. मी स्टिअरिंगचं चाक उजवीकडे फिरवावं आणि सासूबाई डावीकडे जाव्यात, हयातीत करायच्या अगदी तसंच. धक्क्यावर निम्मं गाव जमलं. कुणी म्हणालं, लौगा, तू उतर, आम्ही घेतो. मी म्हटलं, तुमच्या बायकांना विचारा तुम्हाला काय काय घेता येतं ते. लारुस खिडकीपाशी आला नि हळूच म्हणाला, चाक खालच्या बाजूनं धर, आणि सासूला जिकडे न्यायचं तिकडेच हात ने. चौथ्या खेपेला सरळ गेली. शेवाळानं हिरवा झालेला उतार, पण ट्रक तसूभर सरकला नाही. बोट सुटली नि अलगद तरंगली. मी उशांवर बसल्या बसल्या रडले, ते कुणाला सांगू नकोस.

आणि मग पाणी आत यायला लागलं. साहजिक आहे, दोन उन्हाळ्यांची तहान! फळ्या फुगून बसेपर्यंत दोन दिवस तरी गळणारच. मी आणि लारुस बादल्या घेऊन उपसायला बसलो. फ्रीदा कॉफी आणायला ट्रककडे गेली. म्हटलं, आता.

मी सांगून टाकलं. थुरीदुर नाही, आजी नाही, काही नाही, ट्रकच्या काळ्या रंगाला भिऊन थाप मारली, तुला ट्रक परत हवा तर बोट तेवढी आज इथे राहू दे.

लारुस उपसतच राहिला. म्हणाला, आजोबांना बहीण नव्हती, दुसऱ्या कपापासूनच माहीत आहे मला.

मी बादली खाली ठेवली. म्हटलं, मग ट्रक कशाला दिलास? तर म्हणाला, सत्तर वर्षांत माझी नातेवाईक व्हायला कुणी एवढी मेहनत घेतली नव्हती. शिवाय देवीच्या साथीचा भाग मला आवडला. मग दाढी खाजवून म्हणाला, फक्त फ्रीदाला सांगू नकोस. तिनं परवा माझ्या शर्टाला इस्त्री केली, का विचारलं तर म्हणते, आता तुमच्या माहेरची माणसं येणार ना!

एवढ्यात आले आपले साहेब. डॉक्टर पांढरे बूट घालून, मागे ओढायचा हूक बसवलेली ती चकचकीत गाडी घेऊन. आस्तात डोकावून बघतो तर माझ्या घोट्याच्या वर पाणी, आणि दोन म्हातारी माणसं बादल्या मारतायत. त्यानं विचारलं, ही अशीच असते का? मी लारुसकडे बघितलं, लारुसनं पाण्याकडे. मग त्यानं क्रिसला विचारलं. रूना, क्रिस ह्याच बोटीत रांगलाय. दोन दिवसांत हंड्यासारखी टणटणीत होते हे त्याला झोपेतसुद्धा सांगता येईल. तो तळ्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, लाकडी बोट आहे. बस, एवढंच. डॉक्टर म्हणाला, पण बुडेल का? मी म्हटलं, माझ्या सासूबाईंची हमी मी कधीच कुणाला दिलेली नाही.

तो गेला. बूट पुसत गेला. क्रिसनं चांगल्या विजारीचे पाय दुमडले, आत उतरला नि माझ्या हातातली बादली घेतली. म्हणाला, आई, पुढच्या वर्षी मागे घेताना मला बोलाव. मी म्हटलं, तू ये, बघायला.

तेव्हा बोट आपली. आज सकाळी पाणी निम्म्यावर आलंय. पण आता माझ्यापुढे दुसरंच संकट आहे, आणि त्यासाठी तुझी गरज आहे. फ्रीदानं थुरीदुरची सगळी हकिगत तिच्या मावशीला सांगितली. सिग्गा मावशी, एक्याण्णव वर्षांची, तळ्याच्या ह्या काठावरच्या प्रत्येक घराची सात पिढ्या तोंडपाठ. ती म्हणे दोन दिवस विचार करत बसली आणि मग म्हणाली, कसली थुरीदुर? मला त्या बाईला भेटायचंय. लारुस हे सांगताना एवढा हसला की त्याच्या छातीची मला काळजी वाटली. म्हणाला, तू एक आजी केलीस, आता तिला आई-बाप, गाव, लग्न सगळं करावं लागेल, मी मदत करतो.

तू खरं सांगायला लावलंस ना, ते मी केलं. आता उरलेलं खोटं लारुसच्या सांगण्यावरून आहे, माझ्या एकटीच्या खात्यात धरू नकोस. नऊ जुलैच्या शनिवारपर्यंत ये. तुझ्या मास्तरणीच्या आवाजात सांगितलं की माणसं कशावरही विश्वास ठेवतात. आलीस की तुला बेटावर नेईन, सुकाणू तू धर.

रागावलीस तरी माया कर, तशीच सवय आहे मला.
तुझी थोरली,
लौगा

ता. क. दिवस लिहायचा राहिलाच. रविवार, दहा जुलै, दुपारी दोनला येतो म्हणालेत तिघंही. सिग्गा मावशीनं चष्मा नवा करायला टाकलाय, तो शुक्रवारी मिळणार आहे.